निकालाचं पान कोण लिहितं? विकिपीडिया, निवडणूक आणि ‘मुस्लिम मतं’

निकालाचा गुलाल दोन दिवसांत धुऊन जातो. वर्तमानपत्र रद्दीत जातं, चॅनेलवाले पुढच्या विषयाकडे वळतात. सहा महिन्यांनी घरातल्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी मोबाईलवर ‘विक्रोळीचा आमदार कोण’ असं विचारलं, की समोर येणारं उत्तर पुष्कळदा विकिपीडियाचं असतं. प्रश्नाला लगेच उत्तर देणारी नवी एआय अ‍ॅप आली आहेत, त्यांच्या माहितीतही विकिपीडियाचा वाटा मोठा आहे. म्हणजे निवडणुकीबद्दल जे तिथे लिहून राहतं, तेच पुढे वर्षानुवर्षं ‘झालं ते असं झालं’ म्हणून सांगितलं जातं. त्यात आपल्या वस्तीचं नाव असतं. अलीकडे ‘मुस्लिम मतदारांनी काय केलं’ हेही असतं.

हे लिहितं कोण? पगारी माणूस कोणीच नाही. मराठी विश्वकोशाची गोष्ट वेगळी होती. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईला तो सुरू झाला, तज्ज्ञांकडून नोंदी लिहून घेतल्या गेल्या आणि नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव राहिलं. विकिपीडिया इंग्रजीत १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला, मराठीत १ मे २००३ रोजी. तिथे कोणीही लिहू शकतं, खाडाखोड करू शकतं. लेखाखाली सही नसते, पण प्रत्येक पानावर ‘इतिहास पहा’ असं एक बटण असतं. कोणी, कधी, कुठला शब्द बदलला हे त्यात कायम दिसतं. सगळे वाचतात पान, आणि इतिहास कोणी उघडत नाही. खरी करमणूक तिथे आहे.

या स्वयंसेवकांनी स्वतःला काही नियम घालून घेतले आहेत. स्वतःचं संशोधन किंवा मत लिहायचं नाही. वाद होईल अशा प्रत्येक दाव्याला आधीच प्रसिद्ध झालेला, भरवशाचा स्रोत द्यायचा. ज्यावर लोकांत मतभेद आहेत तिथे कोण काय म्हणतं ते सांगायचं, स्वतः निवाडा द्यायचा नाही. ज्यांनी मदरशात थोडंफार शिक्षण घेतलं आहे त्यांना हे नवं वाटू नये. हदीस सांगताना ती कोणी कोणाकडून ऐकली ही साखळी आधी तपासतात, मग मजकूर. विकिपीडियावर त्या साखळीच्या जागी लेखाच्या तळाशी ‘संदर्भ’ येतात, आणि जिथे साखळी तुटली तिथे ‘संदर्भ हवा’ अशी पाटी लागते.

निवडणुकीच्या पानावर हे नियम कसे लावायचे, एवढाच या लेखाचा विषय. उदाहरणं आम्ही आपल्याच भागातली घेतली आहेत.

विक्रोळी नक्की कुठली?

स्टेशन एक, पिनकोड दोन-तीन, पण विधानसभेला विक्रोळी एक नाही. पूर्वेचं कन्नमवार नगर, टागोर नगर हा भाग विक्रोळी मतदारसंघात, क्रमांक १५६. पश्चिमेची पार्कसाईट मात्र घाटकोपर पश्चिम मतदारसंघात मोडते. उलट कांजूरमार्गचा भाग विक्रोळी मतदारसंघात आहे. पार्कसाईटची खाला आणि टागोर नगरची तिची बहीण, दोघी पत्ता विक्रोळीच सांगतात, पण दोघींचे आमदार वेगळे. खासदार मात्र एकच, कारण दोन्ही मतदारसंघ मुंबई ईशान्य लोकसभेत येतात. मुलुंड, भांडुप पश्चिम, घाटकोपर पूर्व आणि मानखुर्द-शिवाजीनगर हे त्यातले बाकीचे चार.

या सीमा २००८ च्या पुनर्रचनेनंतरच्या आहेत. म्हणून विश्वकोशात ‘विक्रोळी’ या उपनगराचं पान आणि ‘विक्रोळी विधानसभा मतदारसंघ’ हे पान वेगवेगळं असायला हवं. ‘विक्रोळीकरांनी अमुकला निवडून दिलं’ असं वाक्य दोन्हीकडे चालत नाही. बारीक गोष्ट वाटेल, पण वस्तीवर ठपका ठेवणारं किंवा वस्तीला श्रेय देणारं वाक्य अशा ढिल्या नकाशावरच उभं राहतं.

आता पक्षाचं नाव. २००९ ला विक्रोळीतून मनसेचे मंगेश सांगळे निवडून आले. २०१४, २०१९ आणि २०२४ ला सुनील राऊत. पहिल्या दोन वेळा शिवसेना, निशाणी धनुष्यबाण. तिसऱ्या वेळी शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे), निशाणी मशाल. मधल्या काळात, १७ फेब्रुवारी २०२३ रोजी, निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाला दिलं. राष्ट्रवादीच्या बाबतीत ६ फेब्रुवारी २०२४ रोजी अजित पवार गटाच्या बाजूने असाच निर्णय आला. या दोन तारखांनंतर काही उत्साही मंडळींना मागची सगळी कोष्टकं ‘दुरुस्त’ करावीशी वाटतात. २०१९ च्या ओळीत कोणी ‘उबाठा’ लिहितो, कोणी त्याच ओळीत आजच्या शिवसेनेचा रंग भरतो. दोन्ही चूक. ज्या दिवशी मत पडलं त्या दिवशी मतपत्रिकेवर जे नाव आणि जी निशाणी होती, तीच त्या ओळीत राहिली पाहिजे. नंतर काय झालं ते खाली टिपेत लिहा. २०१४ च्या आधीच्या विधानसभा कोष्टकात ‘नोटा’चा रकाना रिकामा असेल तर तोही तसाच बरोबर आहे, कारण नोटाचं बटण २०१३ मध्येच आलं.

४८ मतांची संध्याकाळ

४ जून २०२४. शेजारच्या मुंबई वायव्य मतदारसंघाची मतमोजणी गोरेगावला नेस्को संकुलात चालू होती. दुपारनंतर अमोल कीर्तिकर जिंकल्याच्या बातम्या धावू लागल्या, अभिनंदनाचे फोटो फिरले. रात्री जाहीर झालेला विजय मात्र रवींद्र वायकरांचा होता, ४८ मतांनी. ईव्हीएमची मतं मोजली तेव्हा कीर्तिकर एका मताने पुढे होते. ४,५१,०९५ विरुद्ध ४,५१,०९४. टपाली मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ मिळाली. बेरीज केली की ४,५२,६४४ विरुद्ध ४,५२,५९६.

त्या संध्याकाळी ज्याने सगळ्यात आधी पान बदललं असेल तो चुकलाच असणार. म्हणून विश्वकोशासाठी आमच्या मते पहिला नियम असा असावा: निवडणूक अधिकाऱ्याने निकाल जाहीर करून तो आयोगाच्या संकेतस्थळावर ‘निकाल घोषित’ म्हणून येत नाही, तोपर्यंत विजेत्याचा रकाना रिकामा ठेवायचा. आघाडी म्हणजे निकाल नव्हे. विकिपीडिया बातमीपत्र नाही, असा त्यांचा स्वतःचाच नियम आहे, पण निकालाच्या दिवशी तो कोणाला आठवत नाही. पहिलं येण्याचा मोह मोठा असतो.

पुढची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. काही दिवसांनी मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकाने बातमी दिली की मोजणी केंद्रावर मोबाईलच्या ओटीपीने ईव्हीएम उघडलं गेलं. देशभर गदारोळ झाला. निवडणूक अधिकाऱ्यांनी सांगितलं की ईव्हीएमला ओटीपी लागतच नाही, ते कुठल्याही नेटवर्कला जोडलेलं नसतं. दैनिकाने चूक मान्य करून माफी छापली. केंद्रावर मोबाईल वापरल्याबद्दलचा गुन्हा हा वेगळा विषय होता, आणि तो खराखुरा नोंदवला गेला होता. कीर्तिकर निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली.

या सगळ्याचं पान कसं असावं? ओटीपीची बातमी ‘तथ्य’ म्हणून येऊ नये. पण ती गायबही करू नये, कारण लाखो लोकांनी ती वाचली आणि आजही फॉरवर्ड करतात. बातमी आली, खुलासा आला, माफी आली, अशा क्रमाने तीन वाक्यं पुरतात. मोबाईलचा गुन्हा त्यात मिसळायचा नाही. ‘नोंदवला गेला’ आणि ‘सिद्ध झाला’ यातलं अंतर आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायची गरज नाही. वर्षानुवर्षं तुरुंगात राहून निर्दोष सुटलेल्यांची घरं आपण पाहिली आहेत. तोच न्याय आपल्याला न आवडणाऱ्या उमेदवारालाही लावायला हवा.

एक्झिट पोलबद्दल थोडक्यात. १ जून २०२४ च्या संध्याकाळी बहुतेक चॅनेलांनी एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेलं, निकालात २९३ आल्या. पोल देणाऱ्या संस्थेचं नाव, तारीख आणि आकडा कोष्टकात द्यावा, मुख्य मजकुरात त्याला जागा नको.

विक्रोळीच्या मतदाराची याचिका

२०२४ च्या विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबरला झालं. संध्याकाळी पाचला आयोगाने दिलेला आकडा ५८.२२ टक्के होता, अंतिम आकडा ६६.०५ टक्के आला. या फरकावरून काँग्रेसने आक्षेप घेतला. पाचचा आकडा तात्पुरता असतो, वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, आणि प्रत्येक केंद्रावर किती मतं पडली याचा नमुना १७-क पक्षांच्या प्रतिनिधींना त्याच दिवशी दिला जातो, असं आयोगाचं उत्तर होतं.

हा वाद न्यायालयात नेणारा माणूस विक्रोळीचाच एक मतदार होता. सहानंतर ७५ लाखांहून अधिक मतं पडली, त्यात पारदर्शकता नव्हती, असं त्याचं म्हणणं. अ‍ॅड. प्रकाश आंबेडकरांनी बाजू मांडली. २५ जून २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयात न्या. गिरीश कुलकर्णी आणि न्या. आरिफ डॉक्टर यांच्या खंडपीठाने याचिका फेटाळली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही.

आता दोन प्रकारचे संपादक येतात. एक लिहितो, ‘७५ लाख बोगस मतं पडली’. दुसरा सगळा परिच्छेद उडवतो, म्हणे न्यायालयाने फेटाळलं, विषय संपला. आमच्या मते दोघांनाही थांबवायला हवं. पान असं म्हणेल: पाचला इतके टक्के, अंतिम इतके टक्के, अमुक पक्षाचा आक्षेप असा, आयोगाचं उत्तर असं, याचिका अमुक तारखेला फेटाळली. कोणाला फरक खटकेल, कोणाला पटेल. ते वाचणाऱ्याने ठरवायचं.

आणि घाई फक्त राजकारणी करतात असं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सीएसडीएसचे संजय कुमार यांनी महाराष्ट्रातल्या दोन मतदारसंघांत मतदारांची संख्या प्रचंड घटल्याचे आकडे समाजमाध्यमावर टाकले, मग चूक लक्षात आल्यावर पोस्ट काढून जाहीर माफी मागितली. निवडणुकांचा इतका अनुभव असलेला अभ्यासक घसरतो, तिथे घरबसल्या संपादकाने किती जपून राहावं!

‘मुस्लिम मतं’ कुठल्या कागदावर लिहिलेली असतात?

आता मुद्द्याला येतो. लोकसभेला मुंबई ईशान्यमधून शिवसेना (उबाठा)चे संजय दिना पाटील यांनी भाजपच्या मिहिर कोटेचांना २९,८६१ मतांनी हरवलं. मुलुंडने कोटेचांना मोठी आघाडी दिली, मानखुर्द-शिवाजीनगरने पाटलांना. यातल्या फक्त दुसऱ्या आघाडीला नाव पडलं: ‘व्होट जिहाद’. धुळ्याचं उदाहरण त्याहून गाजलं. तिथे काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. एकट्या मालेगाव मध्यने त्यांना १ लाख ९४ हजारांची आघाडी दिली होती. देवेंद्र फडणवीसांनी विधानसभेच्या प्रचारात हे उदाहरण वारंवार दिलं.

विश्वकोशाने यातलं काय लिहावं? मालेगाव मध्यमधली आघाडी लिहावी, कारण ती नमुना २० मध्ये आहे. नमुना २० म्हणजे अंतिम निकालपत्र, प्रत्येक केंद्रावर कोणाला किती मतं पडली याचा तक्ता. त्यात केंद्राचा क्रमांक असतो, उमेदवारांची नावं असतात, मतांचे आकडे असतात. मतदाराचा धर्म नसतो. कुठल्याही ईव्हीएममध्ये तो नोंदला जात नाही. उमेदवाराच्या नमुना २६ च्या प्रतिज्ञापत्रातसुद्धा शिक्षण, मालमत्ता, गुन्ह्यांची माहिती असते, धर्माचा रकाना नसतो. तेव्हा ‘मुस्लिमांनी एकगठ्ठा मतदान केलं’ हे वाक्य त्या कागदावरून निघत नाही. वस्ती बघून मतदाराच्या मनात शिरणं हे संपादकाचं स्वतःचं संशोधन झालं, आणि नियमानेच त्याला बंदी आहे.

लोकनीतीसारख्या संस्था मतदानोत्तर सर्वेक्षणात समाजनिहाय अंदाज काढतात. ते वापरायला हरकत नाही, पण ‘अमुक सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार’ हे शब्द वाक्यात राहायला हवेत. कोणी नेता ‘व्होट जिहाद’ म्हणाला, तर तो म्हणाला असं लिहावं, तारखेसह. ‘व्होट जिहादमुळे पराभव झाला’ असं विश्वकोश स्वतःच्या आवाजात लिहू शकत नाही.

इथे आपल्यालाही दोन कडू घोट घ्यावे लागतात. हा शब्द त्या निवडणुकीत आधी उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबादच्या सभेत समाजवादी पक्षाच्या मारिया आलम यांनीच वापरला होता, मतं मागण्यासाठी. तो संदर्भ गाळून शब्दाचा इतिहास लिहिला तर तो इतिहास राहणार नाही. तसंच विधानसभेआधी मौलाना सज्जाद नोमानी यांनी महाविकास आघाडीच्या उमेदवारांना पाठिंबा जाहीर केला होता. तेही पानावर हवं. ‘बटेंगे तो कटेंगे’ आणि ‘एक हैं तो सेफ हैं’ हेही हवं, ज्याने म्हटलं त्याच्या नावासह. एका बाजूचं आवाहन ‘धार्मिक ध्रुवीकरण’ या मथळ्याखाली आणि दुसऱ्या बाजूचं ‘प्रचार घोषणा’ या मथळ्याखाली, असं दिसलं तर समजावं की पान कलंडलं आहे. आणि आवाहन झालं म्हणून मतं तशीच पडली असंही कोणी गृहीत धरू नये. मौलानांचं सगळे ऐकतात हे राजकारण्यांना वाटतं. घरात चहा पिताना काय चालतं ते आपल्याला माहीत आहे.

‘एकगठ्ठा’ या शब्दाचं काय होतं ते त्याच मालेगाव मध्यमध्ये पाहा. मेमध्ये लोकसभेला एकतर्फी मतदान. सहा महिन्यांनी, २३ नोव्हेंबरला विधानसभेचा निकाल लागला तेव्हा एमआयएमचे मुफ्ती मोहम्मद इस्माईल जिंकले फक्त १६२ मतांनी. समोर होते आसिफ शेख, इंडियन सेक्युलर लार्जेस्ट असेंब्ली ऑफ महाराष्ट्र या नव्या पक्षाचे. दोघांनाही लाखाच्या वर मतं. राज्यातला सगळ्यात कमी फरक हाच. तीच वस्ती, तेच मतदार, आणि बरोबर मधोमध दोन भाग! आपल्या लोकसभा क्षेत्रातल्या मानखुर्द-शिवाजीनगरमध्येही तेच झालं. समाजवादी पक्षाचे अबू आझमी जिंकले, एमआयएमचे अतीक खान दुसरे आले आणि अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे नवाब मलिक बरेच मागे राहिले. मतं चार वाटांनी गेली. हे आकडे शेजारी-शेजारी ठेवले की ‘व्होट बँक’ या शब्दाला उत्तर देण्याची वेगळी गरज पडत नाही. म्हणून आमचं म्हणणं आहे की एका निवडणुकीचा आकडा सुटा उचलू नये. मतदारसंघाच्या पानावर लोकसभा आणि विधानसभा दोन्हीचे तक्ते असावेत.

आपल्या बाजूनेही सुटे दावे येतात. ‘मुस्लिमांनी संविधान वाचवलं’ हे वाक्य सभेत टाळ्या घेतं, विश्वकोशात त्याची जागा नाही. त्याला लागणारा कागद तोच, आणि त्या कागदावर धर्माचा रकाना नाही.

मुस्लिम आमदारांच्या यादीचंही असंच. २०२४ ला राज्यात असे १० आमदार निवडून आल्याच्या बातम्या आल्या, आपल्याकडे त्याची चर्चा झाली, आणि २८८ मध्ये १० हा आकडा बोलका आहे. प्रतिनिधित्वावरच्या लेखात, बातमीचा संदर्भ देऊन तो जरूर यावा. पण निकालाच्या मुख्य तक्त्यात प्रत्येक नावापुढे धर्म लिहायला आमचा विरोध आहे. कुर्ला अनुसूचित जातीसाठी राखीव आहे हे तक्त्यात येतं, कारण तो कायद्याने केलेला प्रकार आहे. धर्माचा तसा प्रकार निवडणूक कायद्यात नाही. नाव वाचून धर्म ठरवायचा पायंडा पडला तर तो कुठवर जाईल ते सांगायला नको.

उमेदवाराचं पान, नगरसेवकाचं पान

‘आमच्या नगरसेवकाचं पान काढलं होतं, उडवलं’ अशी तक्रार कानावर येते. यात दरवेळी डाव नसतो. आमदार आणि खासदार यांची पानं असावीत हे विकिपीडियावर साधारण मान्य आहे. नगरसेवक किंवा पराभूत उमेदवार यांच्यासाठी तसं नाही. त्यांच्या कामाबद्दल स्वतंत्र, सविस्तर लिखाण प्रसिद्ध झालेलं असावं लागतं. वॉर्डातल्या बॅनरचा फोटो स्रोत होत नाही. मुंबई महापालिकेच्या २२७ जागा आणि तिचं बजेट पाहता हा निकष थोडा कडक आहे असं आम्हाला वाटतं, पण तो सगळ्यांना सारखा आहे. पराभूत उमेदवाराची मतं मतदारसंघाच्या तक्त्यात येतातच, तिथे त्याचं नाव नीट लिहिलेलं असलं म्हणजे झालं.

नावाचा घोळ मात्र खरोखर आपला आहे. इंग्रजीवरून मराठी केलं की रईसचा ‘राईस’ होतो, आसिफचा ‘असिफ’. मतदानयंत्रावर उमेदवाराचं नाव देवनागरीत छापलेलं असतं आणि उमेदवारांची अंतिम यादीही मराठीत निघते. त्याप्रमाणे दुरुस्ती केली तर कोणी अडवत नाही. अशी दुरुस्ती करायला राजकारण कळावं लागत नाही, नववीतला मुलगाही करू शकेल.

घरातून काय करता येईल

मराठी विकिपीडियावर नियमित लिहिणारे मोजकेच आहेत, त्यातले मुस्लिम किती असतील याचा अंदाज आपण आपल्या नातेवाईकांत चौकशी करून घ्यावा. म्हणून आपल्याबद्दलचं वाक्य बहुधा दुसरा कोणी लिहितो, आणि आपण स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतो. मग वीस पोरं एकाच वेळी पानावर तुटून पडतात, वाक्य उडवतात, प्रचालक पान कुलूपबंद करतात आणि चुकीचं वाक्य आत तसंच राहतं. सारखं सारखं उलटवणाऱ्याचं खातंही बंद होतं. इंग्रजी विकिपीडियावर तर चोवीस तासांत तीनदाच्या वर उलटवलं की कारवाई होऊ शकते.

याऐवजी प्रत्येक लेखाला जोडलेलं ‘चर्चा’ पान वापरा. सवय नसेल तर आधी ‘धूळपाटी’वर टंकलेखन करून पाहा, आपल्या पाटीवर गिरवायचो तसं. वाद मोठा असेल तर ‘चावडी’वर मांडा, हे मराठी विकिपीडियावरचं खरं नाव आहे. घरात कोणी उमेदवार असेल, पक्षाचं पद असेल किंवा प्रचाराचे पैसे मिळत असतील तर त्या पानाला हात लावू नका, चर्चेत ते सांगून मोकळे व्हा. जिवंत माणसाबद्दल संदर्भाशिवाय काहीही वाईट लिहू नका. हे नियमापुरतं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांबद्दलच्या इंग्रजी विकिपीडियावरच्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर विभागाने काही संपादकांवर गुन्हा नोंदवला होता. टोपणनावाने लिहिता येतं, पण कायद्यापासून ती ढाल नाही.

एक काम असं आहे जे आपल्याशिवाय फारसं कोणी करणार नाही. मुंबईत इन्कलाब १९३८ पासून निघतो, उर्दू टाइम्स आहे. मानखुर्द, भिवंडी, मालेगावच्या प्रचारातल्या अनेक सभा, उमेदवारांची भाषणं, वस्तीतले पाण्याचे आणि शाळांचे प्रश्न तिथे तपशिलाने छापून येतात. विकिपीडियाला स्रोत कुठल्याही भाषेतला चालतो. मराठी संपादकांना उर्दू लिपी वाचता येत नाही, म्हणून ‘मुस्लिम बहुल मतदारसंघ’ एवढ्या दोन शब्दांत वस्ती संपते. घरात ज्या नानींना उर्दू वाचता येतं आणि ज्या नातीला मराठी टाइप करता येतं, त्या दोघी मिळून बातमीचा मथळा, तारीख, पान क्रमांक आणि दोन ओळींचा मराठी सारांश चर्चा पानावर ठेवू शकतात.

चर्चेतला मजकूर छोटा आणि थंड असावा. समजा, पानावर लिहिलं आहे, ‘मुस्लिम मतदारांच्या एकगठ्ठा मतदानामुळे अमुक उमेदवार विजयी झाला.’ चर्चेत असं लिहा: ‘या वाक्याला दिलेल्या संदर्भात मतदारसंघनिहाय आकडे आहेत, धर्मनिहाय नाहीत. हे मत कोणाचं आहे ते नाव आणि तारखेसह लिहावं, किंवा वाक्य असं बदलावं: अमुक विधानसभा क्षेत्रात त्यांना इतक्या मतांची आघाडी मिळाली. नमुना २० चा दुवा सोबत देत आहे.’ खाली सहीसाठी चार वेळा तरंगचिन्ह टाइप करा, नाव आणि वेळ आपोआप येते. मग आठवडाभर थांबा. कोणी उत्तर दिलं नाही तर वाक्य स्वतः बदला आणि ‘बदलांचा आढावा’ या रकान्यात ‘चर्चा पान पाहा’ एवढंच लिहा.